वह्या बघून झाल्या असतील तर थोडं बोलू का साहेब?

प्रति,
शाळाभेटीला, वह्या तपासायला आणि प्रशिक्षण द्यायला येणारे समस्त साहेब आणि मॅडम,
सप्रेम नमस्कार.

विषय : घरच्या अभ्यासाची पानं मोजणं बंद करण्याबाबत.

उपरोक्त विषयान्वये वगैरे लिहीत नाही, ते रोज लिहितोच. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका झेडपी शाळेत सहावी ते आठवीला शिकवतो. विषय गणित आणि विज्ञान, पण एक जागा रिकामी आहे म्हणून मराठी आणि भूगोलही माझ्याकडेच आहे, त्यामुळे खाली सगळ्याच विषयांची भेळ होणार, चालवून घ्या. आणि हे पत्र कुणा एका साहेबांना उद्देशून नाही. ज्यांना लागू आहे त्यांनी घ्यावं, ज्यांना नाही त्यांनी पुढच्या केंद्राला, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटाला, फॉरवर्ड करावं.

तर मुद्दा असा की शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, गेली कित्येक वर्षं एकच विषय फिरून फिरून येतोय, तंत्रस्नेही शिक्षक. आधी व्हिडिओ कसा बनवायचा, मग क्यूआर कोड कसा बनवायचा, मग गुगल फॉर्मवर चाचणी कशी घ्यायची, आता एआयला पाठाचं टाचण कसं लिहायला सांगायचं. सगळं ठीक आहे, शिकलो, काही गोष्टी वापरतोही. पण त्याच आठवड्यात शाळाभेट लागते आणि पहिला प्रश्न येतो, घरच्या अभ्यासाच्या वह्या दाखवा. किती स्वाध्याय झाले, किती निबंध झाले, प्रत्येक पानावर सही आणि तारीख आहे का. म्हणजे दुपारी सांगायचं की मुलं आता मोबाईलवाली झालीत, तुम्ही बदला, आणि सकाळी तपासायचं ते १९९५ सालासारखं. मुलाच्या घरात फोन आल्यावर सगळ्यात आधी काय बदललं असेल तर ते घरचा अभ्यास. तो संपलाय साहेब. वहीत दिसतोय, पण संपलाय. आणि हे तोंडाने म्हणायला कुणी तयार नाही, ना शिक्षक, ना केंद्रप्रमुख, ना तुम्ही.

एक उदाहरण सांगतो, जरा सविस्तर सांगतो कारण सगळं त्यातच आहे. सातवीला निबंध दिला होता, माझा आवडता सण. व्हॉट्सॲपमध्ये तो एआयचा निळा गोल आल्यापासून, म्हणजे २०२४ पासून, मुलांना वेगळं ॲपसुद्धा घ्यावं लागत नाही, आईच्या फोनवर व्हॉट्सॲप असतंच, त्यात बोलून विचारायचं आणि आलेलं उतरवून काढायचं. तर एका पोराने लिहून आणलं, "बैलपोळा हा केवळ एक सण नसून शेतकरी आणि बैल यांच्यातील अतूट नात्याचे प्रतीक आहे." पुढे दीड पान असंच, मनमोहक, उत्साहवर्धक, कृतज्ञता, आणि शेवटी "निष्कर्षतः". अक्षर सुंदर, एक काना-मात्रा चुकलेली नाही. आता आमच्या भागात पोळा नसतोच हो, आमच्याकडे बेंदूर असतो, आषाढात, आणि ह्या पोराच्या दारात बैलजोडी आहे. मी त्याला फळ्याजवळ बोलावून विचारलं, अरे तुमच्याकडे पोळा कधीपासून? गप्प. मग म्हटलं बरं बेंदराला काय केलं ते सांग. आणि जे सुटलं ते पोरगं, की चुलत्याने शिंगांना हिंगूळ लावताना डावीकडच्या बैलाने मान झटकली आणि सगळा रंग चुलत्याच्या नव्या शर्टावर, आजी आतून ओरडतीय की पोळीचा घास आधी द्या मग नटवा, आणि मिरवणुकीत शेजारच्यांच्या ट्रॅक्टरला पण झूल घातली होती कारण त्यांनी बैल विकलेत पण मान सोडवत नाही. वर्ग हसून लोळला. मी त्याला म्हटलं हे लिही, आत्ता, इथंच बसून. त्याने पंधरा-वीस ओळी लिहिल्या. "शिंग" तीन प्रकारे लिहिलं होतं, पूर्णविराम कुठेच नाही.

पुढे तपासणी झाली. कोणत्या साहेबांनी केली ते जाऊ द्या, माणूस चांगला आहे. पोळ्याच्या पानावर शेरा आला "छान, सुवाच्य", आणि बेंदराच्या पानावर "शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे". त्या पोराने दोन्ही शेरे वाचले. त्याला जे समजायचं ते समजलं.

आता कुणी म्हणेल की कॉपी काय नवीन आहे का. नाहीच. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच आमच्याही वेळी होते, निबंधाची पुस्तकं होती, "पावसाळ्यातील एक दिवस" मध्ये धरतीने हिरवा शालू नेसलाच पाहिजे असा नियमच होता जणू. पण गाईड सगळ्यांचं एकच होतं, आणि ते गुरुजींच्या कपाटातही असायचं, त्यामुळे कुठून आलं ते एका नजरेत कळायचं. आता चाळीस मुलांना चाळीस वेगळी उत्तरं मिळतात. आठवीतली पोरं तर इतकी पुढे गेलीत की त्याला सांगतात, आठवीच्या मुलासारखं लिही आणि दोन-तीन चुका घाल. हे मला एका मुलानेच मोठ्या अभिमानाने सांगितलं. गणिताचं तर विचारूच नका, उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर. वहीत पायऱ्या बघून तुम्ही सही करता, मी पण करत होतो.

आणि ही सगळी मुलं "टेक्नोसॅव्ही" आहेत असं जे प्रत्येक भाषणात येतं, ते जरा तपासून बोला. रील एडिट करतात, गेममध्ये आयडी बनवतात, आवाजाने सर्च करतात, हे खरं. पण त्यातल्या निम्म्यांना फाईल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही, ईमेलला विषय लिहायचा असतो हे माहीत नाही, मराठीत टाइप करायला सांगितलं की माईकचं बटण दाबतात. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या "असर"चा २०२३ चा अहवाल तुमच्याही टेबलावर आला असेल, ग्रामीण भारतातली १४ ते १८ वयाची मुलं. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन आहे आणि त्यांना तो वापरता येतो, आणि त्याच मुलांपैकी साधारण पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत धड वाचता येत नाही, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं गणित फक्त ४३ टक्के मुलांना जमलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. फोन हातात असणं आणि शिकणं ह्यांचा परस्पर संबंध नाही, लावला तर लागतो.

त्याच अहवालात अजून एक आकडा आहे जो आमच्या वर्गात मला रोज दिसतो. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी जवळजवळ ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २० टक्क्यांकडे. आमच्याकडे सातवी-आठवीत स्वतःचा असा फोन तसा कुणाचाच नाही, पण संध्याकाळी घरातला फोन मोकळा झाला की आधी कुणाच्या हातात जातो हे सांगायची गरज नाही, पोरगी तोवर भाकरी थापत असते. किंवा वडील एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असतात आणि फोन त्यांच्याबरोबर. म्हणून "लिंक पाठवली आहे, मुलांकडून सोडवून घ्या" असा मेसेज ग्रुपवर आला की माझ्या डोळ्यापुढे आधी मुलीच येतात. लिंक भरल्याची टक्केवारी मात्र ९५ येते. कशी येते ते आपण सगळे जाणतो.

बरं, नुसतं रडगाणं नको. आम्ही, म्हणजे मी आणि आमच्या केंद्रातले काही शिक्षक-शिक्षिका, आपापल्या वर्गात काय बदललं ते सांगतो. ह्याचा कुठे फोटो अपलोड केलेला नाही, म्हणून तुमच्यापर्यंत आलं नसेल.

पहिलं म्हणजे लिहिणं वर्गात आणि बोलणं घरी, असा उलटा कारभार केला. निबंध, उत्तरं, विज्ञानातलं "कारणे द्या", सगळं तासाला, माझ्यासमोर, फोनशिवाय. घरी काय, तर विचारून ये, मोजून ये, बघून ये. आजीला विचार की विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत पुरायचं. लाईटबिल आण. दुधाच्या डेअरीतली फॅटची पावती आण. ह्याचं उत्तर कुठल्याही एआयकडे नाही कारण ते त्या घरातच आहे.

शेकडेवारी आणि दशांश अपूर्णांक मी मोबाईलच्या रिचार्जवर शिकवतो. प्रत्येकाने घरी कुठला प्लॅन आहे ते विचारून यायचं, किती रुपये, किती दिवस, रोजचा डेटा किती. मग दिवसाला किती पडले, जीबीला किती पडले. तिथं पोरांना पहिला धक्का बसतो तो २८ दिवसांचा. महिन्याचा रिचार्ज म्हणून आई जो मारते तो २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नाही तर तेरा वेळा मारावा लागतो, २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. ह्याच्यावरून लोकांनी ओरड केली म्हणून फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना निदान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला, हे सांगितलं की नागरिकशास्त्रही उरकतं. तर त्या तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर आमच्यात रिचार्ज संपला की आठ-दहा दिवस तसाच ठेवतात, पगार झाला की मारतात, मग आमचे तेरा कसे होतील? कसे होणार, नाहीच होणार. मग तिच्या घरचं गणित सगळ्या वर्गाने केलं, कुणाचे नऊ आले, कुणाचे दहा, कारण "आठ-दहा दिवस" म्हणजे नक्की किती ह्यावर भांडण लागलं. सरासरी शिकवायला मला त्याच्यापेक्षा चांगला प्रसंग मिळाला नसता. ही मुलगी वहीत एकदम साधी आहे, तुमच्या तपासणीत तिचं नाव कधी निघणार नाही.

दुसरं, उत्तर काढून दे म्हणणं कमी केलं आणि चूक शोध म्हणणं वाढवलं. फळ्यावर लिहून ठेवतो, (१० + ३) चा वर्ग बरोबर १०० + ९ बरोबर १०९. बरोबर का चूक? घरी फोनला विचारून आलेला लगेच म्हणतो चूक, १६९. शाब्बास, पण मग ६० कुठे गेले ते दाखव. इथं फोनचं काम संपतं आणि खडूचं सुरू होतं. व्हरांड्यातल्या फरशीवर १३ बाय १३ चा चौरस आखायचा, त्यात एका कोपऱ्यात १० बाय १०, समोरच्या कोपऱ्यात ३ बाय ३, आणि मग दोन पट्ट्या उरतात, १० बाय ३ च्या, तेच ते ६०. एकदा पायाने त्या पट्टीवर उभं राहिलं की पोरगं ते सूत्र विसरत नाही.

तिसरं, फोनवरचं सगळं खरं मानायचं नाही हे शिकवायला फोनच वर्गात आणला. माझा. नासाने दिवाळीच्या रात्री काढलेला भारताचा फोटो दर दिवाळीला तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येतो ना, तोच घेतला. सगळ्यांना मान्य, रंगीत दिवे, मस्त. मग शोधायला लावलं. तो एका रात्रीचा फोटोच नाही, अमेरिकेच्या एनओएए ह्या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहाने वेगवेगळ्या वर्षी टिपलेला रात्रीचा उजेड एकावर एक ठेवून बनवलेलं चित्र आहे ते. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ ला नव्याने दिसलेले, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. खोटा फॉरवर्ड म्हणून जे आलं ते खरं म्हणजे शहरं कशी वाढली त्याचा नकाशा निघाला, आणि मग भूगोलाचा तास आपोआप झाला, कुठे लाल जास्त आहे, का आहे, तिथं कुठला रस्ता गेला. एक पोरगा घरी जाऊन चुलत्याशी वाद घालून आला. चुलते दुसऱ्या दिवशी गेटवर भेटले, म्हणाले गुरुजी काय शिकवताय. तक्रार होती की कौतुक ते अजून नीटसं कळलेलं नाही.

आणि एआयला आमच्याच गावाचा इतिहास विचारला. त्याने न लाजता सांगितलं, ओढ्यावर ब्रिटिशकालीन दगडी पूल आहे, ग्रामदैवताची यात्रा अमुक महिन्यात भरते. पूल नाहीच, पाणी वरून जाणारी फरशी आहे, ती पण दर पावसात वाहून जाते. यात्रेचा महिना चुकलेला. पोरांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू, एवढ्या हुशार मशीनला आपल्या गावचं माहीत नाही आणि आपल्याला आहे. मग खरा इतिहास लिहायचा म्हणून दोन गट जुन्या लोकांकडे गेले, एक गट तलाठी ऑफिसात. तीन गटांच्या तीन कहाण्या जुळेनात. आता कुठलं खरं हे ठरवायचं कसं, यावर दोन तास गेले, आणि त्या दोन तासांमुळे माझं घटक नियोजन मागे पडलं, तेही कबूल.

म्हणजे हे सगळं फुकट होत नाही. पट ४२ आहे. प्रत्येकाला तोंडी विचारायचं तर वेळ कुठून आणायचा, तासिका चाळीस मिनिटांची, त्यात हजेरी, त्यात मध्येच कुणीतरी माहिती मागतं. मी एका तासाला पाच-सहा मुलं घेतो, बाकीच्यांना लिहायला बसवतो, असं करत आठवड्यात जमेल तेवढे फिरतो. पाठ्यपुस्तक मार्चपर्यंत ओढूनताणून संपतं. काही मुलं अशी असतात की सगळ्यांपुढे बोलायचं म्हटलं की त्यांचा घसाच बसतो, त्यांना शेजाऱ्याला सांगू देतो आणि शेजारी मला सांगतो, किंवा मधल्या सुट्टीत हळूच येऊन सांगतात. सगळ्यांना जमेल अशी ही पद्धत नाही, एकशिक्षकी-द्विशिक्षकी शाळेत तर अजून अवघड, चार इयत्ता एकत्र बसवून तोंडी घ्यायचं म्हणजे काय असतं ते आमच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मॅडमना विचारा. त्यांना तुम्ही टॅब देऊन गेलात. टॅब कपाटात आहे.

गंमत म्हणजे ह्यातलं काहीच नियमाबाहेरचं नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० ला आलं, त्यात आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची साधनं दिलीत, त्यात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, गटकार्य आहे, दैनंदिन निरीक्षण आहे. स्वाध्याय हे त्यातलं एक. पण मोजायला सोपा स्वाध्याय, म्हणून बघितला जातो स्वाध्याय. तोंडी कामाचे गुण आम्ही टाकतो आणि तुम्ही धरून चालता. वर्णनात्मक नोंदींचं तर सगळ्या राज्याला माहीत आहे, नेटवर पीडीएफ आहेत, इयत्तावार, विषयवार, "प्रश्नांची उत्तरे आत्मविश्वासाने देतो", "गटकार्यात सहभागी होतो", क्रम बदलून चिकटवायचं. मुलगा एआयकडून निबंध उतरवतो आणि गुरुजी पीडीएफमधून नोंद उतरवतात, दोघांच्याही वह्या पूर्ण. ऑनलाइन प्रशिक्षणांचं वेगळं काय झालं? व्हिडिओ एका बाजूला चालू, माणूस दुसऱ्या बाजूला पोषण आहाराची माहिती भरतोय, आणि शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरं शिक्षकांच्या ग्रुपवर आधीच फिरलेली, प्रमाणपत्र सगळ्यांना. चाळीस वर्षांच्या शिकलेल्या माणसाला जर "भरलं का" एवढंच विचारलं तर तो भरतो. बारा वर्षांचं पोरगं वेगळं का वागेल?

क्यूआर कोडचा विषय निघालाच आहे तर परितेवाडीची आठवण काढायलाच हवी. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातली ती झेडपीची शाळा, तिथले रणजितसिंह डिसले सर, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले. हे सगळं प्रशिक्षणात स्लाईडवर येतं. स्लाईडवर जे येत नाही ते असं की पुस्तकाला क्यूआर कोड लावायची कल्पना वर्गातून आली, त्या शिक्षकाला आपल्या मुलांसाठी काहीतरी हवं होतं म्हणून, आणि मग ती पुढे राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. प्रवास खालून वर झाला. आपल्याकडे आता प्रत्येक पुस्तकात कोड आहेत, पण आमच्या वर्गात ते स्कॅन करायचं म्हणजे मी फोन काढायचा, खिडकीजवळ जायचं, ते गोल गोल फिरणारं बघायचं, आणि तोपर्यंत मागचे दोन बाक गावाला गेलेले असतात. कोड बरोबर आहे, फक्त त्याच्यापाठीमागचा प्रश्न आमच्या वर्गातला नाही.

आमच्यातच दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत बरं का. स्टाफरूममध्ये, म्हणजे ऑफिसातल्या त्या एका टेबलाभोवती, आमचे एक ज्येष्ठ सहकारी रोज म्हणतात की फोन सरसकट बंद करा, सगळं सुरळीत होईल. त्यांचा राग मला समजतो. पण शाळेत फोन बंदच आहे, प्रश्न सायंकाळी सहानंतरचा आहे आणि तिथं गुरुजींचं काही चालत नाही. तिथं गावाचं चालतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, त्या गावाने २०२२ मध्ये ठरवलं, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. ते गावाने केलं, सगळ्यांनी मिळून, मोठ्यांनी पण फोन खाली ठेवला म्हणून ते उभं राहिलं. असं परिपत्रक काढून होत नाही. कृपया काढू पण नका, नाहीतर रोज सातला भोंग्याचा फोटो अपलोड करायला लागेल आम्हाला.

तर मागणं काय आहे. पैसे मागत नाही, हा, लाईटबिल आणि नेटचा रिचार्ज कुठल्या हेडमधून करायचा हे एकदाचं सांगितलंत तर उपकार होतील, लोकसहभागातून आलेला मोठा टीव्ही आमच्याकडे आहे, त्याला चालवायचं नेट माझ्या खिशातून जातं. पण मुख्य मागणं वेगळं आहे. शाळाभेटीच्या नमुन्यात घरच्या अभ्यासाच्या वह्यांचा जो रकाना आहे तो काढा, किंवा निदान त्याच्या शेजारी अजून एक रकाना घाला, की कुठल्याही तीन मुलांना उभं करून त्यांच्याच वहीतल्या एका पानावर बोलायला लावलं आणि ती काय बोलली. एवढंच. वहीत लिहिलंय ते त्याला सांगता येतंय का, "म्हणजे काय रे?" असं विचारल्यावर पुढे काही निघतंय का. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याला कुठलंही ॲप लागत नाही. एकदा तुम्ही हे विचारायला लागलात ना, की तालुक्यातले सगळे शिक्षक महिनाभरात वर्गात बोलायला लावायला लागतील, कारण आपल्याकडे जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

वर्गात लिहिलेल्या पानाला शुद्धलेखनाचा शेरा देताना जरा थांबा. चुका मी दुरुस्त करून घेणार आहे, ते माझं कामच आहे. पण ते पान त्याचं स्वतःचं आहे हे आधी त्याला सांगा आणि मग चूक दाखवा.

प्रशिक्षणाला येताना एखादा चालू वर्गातला तास घेऊन या. पीपीटी नको. सातवीचा अमुक घटक, मुलांकडे फोन आहे, उत्तर त्यांना आधीच मिळालंय, आता मी पहिला प्रश्न काय विचारू? आम्ही तीस-चाळीस जण एका हॉलमध्ये बसून एवढ्याच एका गोष्टीवर दिवसभर डोकं चालवलं तरी मी संध्याकाळी काहीतरी घेऊन घरी जाईन. हे शिकवायला मोठा तज्ज्ञ पण लागत नाही, प्रत्येक केंद्रात अशी एक-दोन माणसं असतात जी गुपचूप करत असतात, त्यांना बोलतं करा. आता केंद्र सरकारने २०२६-२७ पासून तिसरीपासून एआय आणि संगणकीय विचार आणायचं जाहीर केलंय, म्हणजे त्याची प्रशिक्षणं येणार, मॉड्यूल येणार, लिंक येणार. त्याच्या आधी हे एक करून टाकू, कारण तिसरीतलं पोरगं त्या निळ्या गोलाला आत्ताच विचारतंय, अभ्यासक्रमाची वाट बघत थांबलेलं नाही.

आणि हे सगळं वाचून वाटलं की गुरुजी कागदावर बरे लिहितात, प्रत्यक्षात बघू, तर अवश्य या. आठवीचा गणिताचा तास परिपाठानंतरचा दुसरा असतो. न कळवता आलात तर जास्त बरं, कळवून आलात की आमचे मुख्याध्यापक रांगोळी काढायला मुलींना तासावरून उठवतात. मागच्या बाकावर जागा आहे, फक्त त्या बाकाचा डावा पाय हलतो, जपून बसा. वह्या मागितल्यात तर देईन, पण त्यात ह्या वर्षी पानं कमी भरली आहेत, ते आत्ताच सांगून ठेवतो.

आपला,
सहावी ते आठवीला शिकवणारा एक झेडपी शिक्षक